साबणाची चव

माझी थोरली जाऊ साबण चाटून बघायची. लग्न होऊन ह्या घरात आले, त्याच आठवड्यात मी तिला ते करताना पाहिलं. मागच्या अंगणात, धुण्याच्या टाकीजवळ, लाकडी स्टुलावर बसून बाई साबणाच्या वड्या एकेक उचलत होती, जिभेचं टोक लावत होती, क्षणभर डोळे मिटत होती आणि वडी कधी ह्या टोपलीत, कधी त्या टोपलीत टाकत होती. मी खिडकीतून बघितलं आणि मनात म्हटलं, झालं कल्याण! माणसं चांगली आहेत एवढंच मला सांगितलं होतं. हे कुणी बोललंच नव्हतं.

"काय बघतेस?" तिने मान वर न करता विचारलं. "ये, तूही चाख."

"नको," मी म्हटलं, "माझं जेवण झालंय."

ती हसली नाही. तिला विनोद कळायचा, पण दुसऱ्याने केलेला सोसायचा नाही.

आता त्या चाटण्यामागचं कारण सांगते, म्हणजे तुम्हीही तिला वेडी ठरवणार नाही. साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात घातला की शेगडीवर न ठेवताही भांडं चटके देण्याइतकं तापतं आणि नाकात ठसका जातो. ते पाणी निवलं की तेलात ओतायचं आणि घोटत बसायचं. पळी फिरवल्याची रेघ वर दिसायला लागली की साच्यात घालायचं. मग वड्या पाडून महिना-दीड महिना फळीवर ठेवायच्या. ह्याला ती 'पिकणं' म्हणायची. नीट मापाने केलेल्या साबणात पिकता पिकता सोडा सगळा तेलात जिरतो. पण माप चुकलं तर जास्तीचा सोडा वडीत तसाच राहतो आणि हात खातो. डोळ्याला ते दिसेलच असं नाही, नाकाला कळत नाही, जिभेला मात्र कळतं. असा साबण टॉर्चच्या सेलला जीभ लावल्यासारखा चावतो. चांगला साबण लावला तर काहीच होत नाही. त्याची खूणच ती, जिभेला काही कळता कामा नये. हे तिला आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या धोब्याने शिकवलं होतं.

घर आमचं लहान. दोन भाऊ, दोन खोल्या आणि मध्ये एक स्वयंपाकघर, त्यामुळे भांडायला जागा एकच. थोरले दीर ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला. माझे यजमान बस चालवतात. मी घरी बसून शिंप्याच्या शर्टांना काज-बटण करते. सकाळचा स्वयंपाक जाऊबाईंचा, संध्याकाळचा माझा. आणि गल्लीच्या टोकाला एका खोलीत आमची नणंद राहते. ती दवाखान्यात नर्स आहे, म्हणून घरात तिला सगळे 'नर्सबाई'च म्हणतात.

साबण सुरू झाला तो नर्सबाईमुळे. वॉर्डात दर पेशंटनंतर हात धुवायचे, म्हणजे दिवसभर धुवायचेच. दुकानातल्या साबणांनी तिच्या हातांना भेगा पडल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. मलमं झाली, हातमोजे झाले, महागातले साबण झाले. शेवटी मोठ्या सिस्टरने सांगितलं, हात असेच राहिले तर वॉर्डातून काढून तुला कागदपत्रांच्या खोलीत बसवावं लागेल. नर्सबाईला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आमच्या ओट्याशी उभी राहून रडली, असं मला पुढे यजमानांनी सांगितलं. आणि जाऊबाई म्हणाली, "रडू नकोस. साबण साबण म्हणजे असतं तरी काय एवढं? मी करते."

तिचा पहिला साबण म्हणे विटेला लाजवेल असा झाला होता. दुसरा कधी घट्टच झाला नाही. दीर म्हणाले, "हा चमच्याने लावायचा का?" तिने ऐकून घेतलं. गिरणीतून डब्याच्या तळाशी राहिलेलं तेल स्वस्तात आणायची, फडक्यातून गाळायची. साचे म्हणजे दुधाचे रिकामे खोके. दिरांच्या कामावरून मोडीत निघालेला एक लहान तराजू आला होता, तो तिने घासूनपुसून घेतला. त्यावर ती सोडा जोखायची. डोळ्यांना पोहण्याचा जुना चष्मा, हातात रबरी मोजे, तोंडाला ओढणी. त्या अवतारात तिला बघून दारावर आलेला मीटरवाला एकदा आल्या पावली परत गेला. पण साबण जमला. वास नाही, रंग नाही, ओबडधोबड पांढऱ्या वड्या. नर्सबाईचे हात बरे झाले आणि वॉर्ड राहिला. मग आजूबाजूचे मागायला लागले. माझ्या यजमानांच्या डेपोत जायला लागला, गल्लीतले न्हावी घ्यायला लागले. लोक तिला साबणवाली म्हणायला लागले आणि ती ते ऐकून नुसती पदर सारखा करायची. पण मला दिसायचं ना, बाईंची मान जराशी वर व्हायची.

आता तिच्या जिभेबद्दल. ती जीभ साबणापुरती राहिली असती तर मी तिची आरती ओवाळली असती. पण ती माझ्या स्वयंपाकातही चालायची. पहिला घास तोंडात गेला की बाई थांबायची. आम्ही सगळे थांबायचो.

"मीठ संपलंय की विसरलीस?"

नाहीतर, "फोडणी करपली, मग वरून झाकलीस. कळतं गं."

नाहीतर नुसतंच, "हं."

त्या 'हं'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं बोलत असती तर मी भांडले असते. पण सालं दर वेळी खरं असायचं. मीठ कमीच असायचं, फोडणी करपलेलीच असायची. यजमानांना कधी काही कळायचं नाही, ते पुढ्यात येईल ते खायचे. मी त्यांना म्हणायची, "तुमच्या वहिनींना देवाने जिभेला हाड दिलं नाही ते नाहीच, वर धार तेवढी लावून दिली." ते म्हणायचे, "पाणी दे."

मागच्या वर्षी जाऊबाईला ताप आला. साधासुधा नाही, अंथरुणाला खिळवणारा. तोंड सगळं आलं, जीभ सोलून निघाल्यासारखी झाली. पेज सुद्धा उतरत नव्हती. मी केलं तिचं सगळं, करायला हवंच होतं. हळूहळू उठून बसली, हिंडायला लागली. डॉक्टर म्हणाले, तोंडाला चव यायला वेळ लागेल. थोड्या दिवसांनी दिरांनी विचारलं, "आली का चव?" ती म्हणाली, "आली की."

आणि त्या तापानंतर बाई बदलली. मी वाढावं आणि तिने मुकाट जेवावं. 'हं' नाही की चू नाही. एकदा तर भाजी संपवून म्हणाली, "छान झाली होती." माझ्या हातातला डाव पडायचा राहिला. मी खोलीत जाऊन यजमानांना सांगितलं, "ऐकलंत का? वहिनी निवळल्या." ते म्हणाले, "आजारपणाने माणूस मऊ होतं." मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मी हवेतच होते. इतक्या वर्षांनी माझ्या हाताला चव आली म्हणून कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं. मी नवेनवे प्रकार करायला लागले. बाई खायची आणि म्हणायची, "छान."

अशातच नर्सबाई एका दुपारी माझ्याकडे आली. जाऊबाई तेव्हा गिरणीत गेली होती. नर्सबाईने हात पाठीमागे धरले होते.

"धाकटे, वहिनीला सांगू नकोस हं," ती म्हणाली आणि हात पुढे केले.

मला बघवेना. बोटांची पेरं लाल, तळव्याची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली, अंगठ्याशी ओली जखम.

"अगं बाई! हे काय?"

"वॉर्डात नवीन औषधी पाणी आणलंय, त्यानेच झालं असणार. सिस्टरने घरी बसवलंय. महिनाअखेर हात दाखव म्हणाली, बरे नसतील तर वॉर्ड विसर." तिने हात परत पाठीमागे नेले. "मी आता हात फक्त वहिनीच्या साबणानेच धुते. दिवसातून कितीदा तरी धुते, लवकर बरं वाटावं म्हणून. पण वाढतच चाललंय."

साबणावर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही आणि माझ्याही नाही. कसं येणार? प्रत्येक वडी त्या जिभेखालून गेलेली. दुसऱ्या कुणाचा साबण असता तर पहिल्या दिवशी फेकला असता. ह्या साबणावर मात्र आमचा इतका विश्वास की हात भाजले म्हणून ती त्यानेच आणखी धूत होती, आणि मी तिला जाताना अजून एक वडी दिली. घरात होती म्हणून दिली.

ती गेली आणि पाठोपाठ जाऊबाई तेलाचा डबा घेऊन आली. मी चहा टाकला. डोक्यात नर्सबाईचे हात होते, माझे हात आपले चालत होते. दोन कप भरले. उकळता चहा, वाफा निघत होत्या. जाऊबाईने कप उचलला आणि पाणी प्यावं तसा घटाघट पिऊन टाकला.

"छान झालाय," ती म्हणाली.

मी फुंकर घालून एक घोट घेतला आणि तसाच थुंकला. साखरच नव्हती त्यात. चिमूटभर सुद्धा नाही, आणि पावडर इतकी पडली होती की तो काढाच झाला होता.

मी तिच्या रिकाम्या कपाकडे बघत राहिले. मग भाजी आठवली, ते सगळं 'छान, छान' आठवलं. आधी मला काय वाटलं सांगू? राग आला. म्हणजे माझ्या हाताला चव आलीच नव्हती! आणि मग साबणाच्या टोपलीकडे नजर गेली. मी उठले, फळीवरच्या टोपलीतली एक वडी घेतली आणि जन्मात केलं नव्हतं ते केलं. जीभ लावली. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, हा साबण चावतोय."

"काहीतरीच. मी बघितलाय तो."

"मग परत बघा."

तिने वडी घेतली, जीभ लावली, डोळे मिटले. सगळं नेहमीसारखं. "काही नाही," ती म्हणाली. "तुझीच जीभ नाजूक."

"चहा कसा होता?"

"छान होता म्हटलं ना."

"साखर होती?"

मी माझा कप तिच्यापुढे सरकवला. तिने तो घेतला नाही. ती डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली.

"ताप गेल्यापासून काही कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "गोड नाही, खारट नाही, गरम नाही. तोंडात काय आहे ते दातांना कळतं तेवढंच."

"मग सांगायचं नाही का, बाई!"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" ती एकदम उसळली. "तुझे भाऊजी म्हणाले असते, बंद कर तो उद्योग. टाकीखाली सामान टाकलं असतं सगळं. मग मी काय करू दिवसभर? स्वयंपाक तर तूही करतेस, केर तर कुणीही काढेल. ह्या घरात माझं म्हणावं असं दुसरं आहे काय? वाटलं, सकाळचा स्वयंपाक हाताच्या अंदाजाने जमतोय, तसा साबणही इतकी वर्षं करतेय, हात चुकायचा नाही. आणि जीभ आज येईल, उद्या येईल."

तिला अजून नर्सबाईचं माहीत नव्हतं. 'सांगू नकोस' म्हणून मला बजावलेलं होतं. पण असलं वचन पाळून मी काय पुण्य मिळवणार होते? मी सांगून टाकलं. हातांचं, वॉर्डाचं, दिवसातून कितीदा धुते त्याचं, सगळं.

जाऊबाईचं तोंड पांढरंफटक पडलं. ती उठली आणि घरातल्याच सपातांनी बाहेर पडली. मी मागे. भर उन्हात गल्ली ओलांडून ती नर्सबाईच्या दारात उभी राहिली आणि दार उघडल्या उघडल्या म्हणाली, "औषधी पाण्याने नाही, माझ्या साबणाने झालंय. माझी जीभ मेलीये. मी लपवलं." एवढं बोलली आणि तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली.

मला वाटलं, आता नर्सबाई फाडून खाईल, आणि तिने खाल्लं असतं तरी मी मध्ये पडले नसते. पण आत जाऊन तिने खिडकीतली वडी आणली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. "तोंड उघड," ती जाऊबाईला म्हणाली. तिने जीभ बाहेर काढायला लावली, टॉर्च मारली, इकडून बघितली, तिकडून बघितली. "आणि हे तू मला आज सांगतेस? घरात नर्स आहे ती शोभेला ठेवलीये का?" मग मात्र ती रागाने रडली. जाऊबाईही रडली. मी आपली दोघींना पाणी दिलं.

संध्याकाळी घरी दिरांनी ऐकलं आणि जाऊबाईने सांगितलं होतं तसंच बोलले. अगदी तेच शब्द. "बंद कर तो उद्योग. उद्या कुणाचं तोंड भाजलं तर? न्हाव्याकडे जातो साबण, डेपोत जातो."

ती मान खाली घालून उभी. ज्या बाईने माझा इतकी वर्षं एक शब्द खाली पडू दिला नाही, ती गप्प. ते काही मला बघवलं नाही.

"भाऊजी, साबण परत आणायचा तो सगळा आणू," मी म्हटलं. "दारोदार मी जाईन. पण बंद बिंद काही व्हायचं नाही."

"आणि तपासणार कोण?"

"मी. जीभ माझी आहे, भाजली तर माझी भाजेल. तुमच्या खिशाला काय चटका बसतोय?"

यजमान म्हणाले, "पाणी दे." पण ह्या वेळी हसत म्हणाले.

साबण परत आणला. न्हाव्याने वडी देताना विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "झालं काहीतरी, तुमची गिऱ्हाइकं वाचली एवढं समजा." मग दिरांनी तराजू उलटा करून बघितला तेव्हा खरी चूक सापडली. कधीतरी ओल्या साबणाचा एक ओघळ पारड्याखाली गेला होता आणि वाळून थर बसला होता. ते पारडं वजनांचं, त्यामुळे दुसऱ्या बाजूला तेवढा सोडा जास्त पडायचा. आयुष्यभर ट्रक जोखणाऱ्या माणसाच्या नाकाखाली हे चाललं होतं, हे मी त्यांना ऐकवलंच. त्यांनी निमूटपणे पारडं खरवडून दिलं.

नर्सबाईने जाऊबाईला दवाखान्यात नेलं. गोळ्या मिळाल्या. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार. नर्सबाईच्या हातांना मलम लागलं, पट्ट्या लागल्या. महिनाअखेरीला हात दाखवायला ती गेली तेव्हा जाऊबाई दिवसभर दारात उभी होती. सिस्टरने वॉर्ड दिला, पण एका अटीवर. हाताला परत काही झालं तर तिसरी संधी नाही.

नवा साबण तोवर फळीवर पिकत होता. जाऊबाईने तो केला तेव्हा सोडा तीनतीनदा जोखला होता. एके दिवशी तिने मला हाक मारली आणि वडी पुढे केली. मी जीभ लावली. अगदी कोपऱ्यात, जरासं काहीतरी टोचलं. बाई माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की खोटं बोलावंसं वाटलं. पण मला नर्सबाईचा अंगठा आठवला.

"चावतोय, ताई. थोडासाच. पण चावतोय."

तिने वडी घेतली आणि परत फळीवर ठेवली. "मग राहू दे," ती म्हणाली. "अजून पिकू दे." त्यानंतर रोज मी सकाळी उठून चूळ भरायची आणि साबण चाटायची. शिंप्याने एकदा दारातून बघितलं आणि शर्टांचं गाठोडं उंबऱ्यावरच ठेवून गेला. आणि मग एका सकाळी काहीच झालं नाही. मी दुसरी वडी घेतली, तिसरी घेतली, टोपलीतल्या सगळ्या लावून बघितल्या. काही नाही.

त्या रविवारी नर्सबाई जेवायला आली. तिने टाकीवर नव्या साबणाने हात धुतले. आम्ही दोघी मागे उभ्या. तिने हात पुसले, उलटेसुलटे करून जाऊबाईपुढे धरले आणि म्हणाली, "बघ." जाऊबाईने ते हातात घेतले आणि तशीच धरून उभी राहिली, इतका वेळ की शेवटी नर्सबाईच म्हणाली, "वहिनी, भूक लागलीये."

स्वयंपाक मी केला होता. आनंदाच्या भरात मीठ दोनदा पडलं असणार, कारण पहिला घास गेला आणि दीर थांबले, नर्सबाई थांबली, यजमानांनी सुद्धा पाण्याचा पेला ओढला. जाऊबाई शांतपणे जेवत होती. तिचा घास तोंडातच राहिला आणि तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघितलं. दिरांच्या, नर्सबाईच्या, माझ्या. शेवटी यजमानांच्या पाण्याच्या पेल्याकडे. मग तिने घास गिळला.

"हं," ती म्हणाली. "मिठाचा डबा उपडा केलास की काय?"

मला इतकं बरं वाटलं की मी तोंडाला पदर लावला आणि उठून पाणी आणायला गेले.